थर्मासचा दुसरा कप

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. अंग निळं, पोटात काच आणि डोक्यावर एकात एक बसणारे दोन कप. बाहेरचा मोठा, आतला लहान. हल्लीच्या स्टीलच्या बाटल्यांना धड एक कप नसतो, तरी त्या केवढ्या तोऱ्यात असतात! मी तोरा मिरवत नाही. पण माझी सगळी गोष्ट त्या आतल्या लहान कपाची आहे, तेव्हा त्याच्याकडे जरा लक्ष असू द्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. कोणीतरी तापलेली काच फुगवली, तिला आतून चकचकीत मुलामा दिला, निळ्या अंगात बसवलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं तेव्हा मी भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका दुकानात होतो. तिथं बरेच दिवस मी काचेआडून येणारे-जाणारे बघत बसलो. एका संध्याकाळी नवीनच लग्न झालेली एक बाई आत आली. तिचं नाव कांता. माहेर भंडाऱ्याकडचं. तिचा नवरा देवीदास रामटेके नुकताच स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायला लागला होता. तिनं मला कानाशी धरून हलवून पाहिलं, दोन्ही कप फिरवून काढले आणि हसली.

"दोन कप आहेत, बरं झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "एक तुमाले, एक तुमच्या सोबत्याले."

माझ्या आयुष्याचं काम तिनं असं एका वाक्यात ठरवून टाकलं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीवर जाऊ लागलो. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत डबा आणि मी. कांताचा चहा आल्याचा, भरपूर साखरेचा. पहिल्याच दिवशी देवीदासनं शॉपमधल्या, म्हणजे आपल्या विभागातल्या, बाकावर मला ठेवलं, लहान कपात चहा ओतला आणि शेजारी बसलेल्या सोबत्यापुढं धरला. सोबत्यानं कपाकडं पाहिलं.

"नहीं रामटेके, आज पेट ठीक नहीं है."

देवीदासला वाईट वाटलं ते त्याच्या पोटाचं. पण दुसऱ्या दिवशीही ते पोट ठीक नव्हतं. तिसऱ्या दिवशी आणखी एकाचा उपवास निघाला. मग कँटीनचा चहा आला, तेव्हा ही दुखरी पोटं आणि हे उपवास मजेत घोट घेताना दिसले, आणि देवीदासच्या लक्षात आलं. रामटेके हे आडनाव ऐकल्यावर माणूस कोणत्या वस्तीतला, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. सगळेच तसे नव्हते म्हणा. कोणी घेतलाही असता. पण एकदा हात आखडला की तो पुन्हा पुढं करणं जड जातं. त्या दिवसापासून देवीदास मला घेऊन थेट शिडी चढायचा आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये एकटाच चहा प्यायचा. खाली लाल लोखंड सरकत असायचं आणि वर आम्ही दोघं. तो मोठ्या कपातून प्यायचा. लहान कप मोठ्याच्या खाली तसाच कोरा राहायचा.

घरी आल्यावर कांता विचारायची, "सोबत्यानं घेतला का चहा?"

"हो, घेतला ना," देवीदास म्हणायचा. "तुझ्या चहाचं नाव काढून राहिले होते."

आता तुम्हीच सांगा, मित्रांनो. मला रोज कांता धुवायची. मोठा कप चहानं तांबूस पडलेला असायचा आणि लहान कप कोरडा ठणठणीत. तिला कळत नसेल का? पण तिनं कधी वाद घातला नाही. तो कोरडा कपही ती रोज साबण लावून घासायची, पुसायची आणि आपल्या जागी बसवायची. मला तेव्हा तिचा रागच यायचा. वाटायचं, अगं, विचार की त्याला! पण दोघंही एकमेकांना जपत होती, आणि जपता जपता वर्षं निघून गेली. माझी आतली काच दोनदा फुटली, दोनदा बदलली. सायकल जाऊन स्कूटर आली. मुलगी सुजाता शिकली, नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि लग्न होऊन तिथंच राहिली. देवीदास रिटायर झाला, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून दोघं वैशाली नगरच्या आपल्या लहानशा घरात आली. लहान कप मात्र दुकानातून निघाला होता तसाच नवा होता. नवेपणाचं कौतुक असतं म्हणतात. मला त्याची लाज वाटायची.

मग एके दिवशी सुजातानं फोनवर सांगितलं की तिनं श्रीलंकेची तीन तिकिटं काढली आहेत, वैशाख पौर्णिमेची. कांताच्या मनात ही गोष्ट किती वर्षांपासून होती! भिलाईत बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदना होते, खीर होते, सगळी वस्ती जमते. पण विहाराच्या गल्लीबाहेर पडलं की तो दिवस इतर दिवसांसारखाच असतो. "जिथं सगळ्या गावाची पुनव असते, तिथं एकदा जायचं आहे मले," ती म्हणायची. आता जायचं ठरलं, आणि निघायच्या थोडं आधी सुजाताला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरनं तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. तीन तिकिटांतलं एक रद्द झालं.

"बाबा, तुम्ही दोघं जा. मला काही होत नाही," सुजाता म्हणाली.

आणि अशी ही दोन माणसं, ज्यांनी आतापर्यंत नागपूर, भंडारा आणि हैदराबाद यांपलीकडं काही पाहिलं नव्हतं, ती परदेशी निघाली. कांतानं मला काठोकाठ चहा भरला. विमानतळावरच्या तपासणीत मला बाहेर काढलं आणि सांगितलं, हे आत नेता येणार नाही, ओता. कांताचा चहा ओतायचा? दोघं भिंतीशी उभी राहिली आणि माझं पोट रिकामं होईपर्यंत आळीपाळीनं चहा पीत राहिली. त्या दिवशी कांतानं लहान कपातून दोन घोट घेतले खरे, पण ते घरच्या घरी झालं. माझ्या हिशेबात ते धरू नका.

श्रीलंकेत पोचलो तर सगळीकडं पांढरे कपडे. म्हातारी, तरुण, पोरं, सगळी पांढऱ्यात. दारोदार कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे कंदील. पाऊस येऊन जायचा, कागद भिजायचा, आणि लोक पुन्हा नवा कागद चिकटवायचे. कांता प्रत्येक दारासमोर उभी राहायची. बघून झालं की मान वळवायची ती सुजाताला दाखवायला, आणि तिथं कोणी नसायचं. हॉटेलच्या खोलीत तीन पलंग होते. तिसऱ्यावरही चादर घातलेली, वर टॉवेलची घडी घालून केलेला पक्षी. संध्याकाळी दोघं आपापल्या पलंगावर बसून टीव्हीवरची न कळणारी बोली ऐकत राहायची. कांतानं त्या पक्ष्याशेजारी मला ठेवलं. एवढ्या मोठ्या पलंगावर मी एकटा. बाहेर सारं गाव उजळलं होतं आणि आम्ही तिघं फार एकटे होतो, मित्रांनो.

पौर्णिमेच्या दिवशी अनुराधापुराला बोधिवृक्षाखाली गेलो. कांता वाळूत बसली. शेजारी एक पांढऱ्या साडीतली म्हातारी पुटपुटत होती. कांता ऐकू लागली आणि एकदम ताठ बसली. तेच त्रिसरण, तेच पंचशील! उच्चार थोडे वेगळे, पण शब्द तेच, जे ती भिलाईच्या विहारात म्हणत आली होती. तिनं त्या म्हातारीच्या आवाजात आवाज मिसळला. म्हणून झाल्यावर म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला पुढं एकही शब्द नव्हता. दोघी नुसत्या हसल्या आणि उठल्या.

खरी गोष्ट घडली ती परतीच्या रस्त्यावर. आमची गाडी निमल नावाचा माणूस चालवत होता. देवीदासला इंग्रजी बेताचंच, निमलला हिंदी नावापुरतं. पण देवीदासचं त्यावाचून अडलं नाही. क्रेनवाल्यांचे हाताचे इशारे असतात ना, उचला, थांबा, सावकाश, डावीकडं, ते सगळे इशारे त्यानं मागच्या सीटवरून सुरू केले होते आणि निमलला ते फारच आवडले होते. असे आम्ही चाललो असताना चार-पाच तरुण पोरं झेंडे घेऊन रस्त्यात आडवी आली. गाडी थांबली.

"कावून थांबवली गाडी?" कांता घाबरली.

"कावून म्हणजे? चंदा मागून राहिले असतील," देवीदास म्हणाला. भिलाईत रस्त्यात आडवी आलेली पोरं दुसरं काय मागतात? त्यानं खिडकीची काच खाली केली आणि खिशातून नोट काढून पुढं धरली.

पोरं नोटेकडं बघतच राहिली. मग त्यांनी हात जोडले आणि खो खो हसत सुटली. निमलनंही स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसून घेतलं. "नो मनी! दन्सल, दन्सल!" तो म्हणाला आणि बोटं तोंडाकडं नेऊन दाखवली. रस्त्याच्या कडेला मांडव होता. मोठ्या पातेल्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना फुकट काहीतरी प्यायला देत होते. पौर्णिमेच्या पुण्यदिवशी वाटेवरच्या कोणालाही उपाशी-तहानलेलं जाऊ द्यायचं नाही, अशी तिथली रीत. आणि नुसतं देत नव्हते, गाड्या अडवून, हाताला धरून देत होते.

देवीदास खाली उतरला, पण त्याचे पाय रेंगाळले. त्याच्या हातातल्या पिशवीत मी होतो, म्हणून मला त्याचा हात कळत होता. तो वाट बघत होता. आता कोणीतरी नाव विचारेल, पूर्ण नाव, आणि मग डोळ्यांत तो बदल दिसेल. कोणी विचारलं नाही. एका पोरानं त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. एका म्हातारीनं ग्लास हातात दिला आणि ती पुढच्या माणसाकडं वळली. इतकंच.

कांतानं घोट घेतला. "अवो, हे त बेलाचं फूल होय!" ती म्हणाली. "आपल्या इथं झाडाखाली पडून वाया जाते." बेलाची वाळलेली फुलं उकळून गुळाबरोबर देत होते. तिचा आनंद बघून म्हातारीनं माझ्याकडं बोट दाखवलं, माझे दोन्ही कप काढले, बूच उघडलं आणि मला गळ्यापर्यंत भरून दिलं. वर वाळलेल्या फुलांची एक पुडीही कांताच्या हातात कोंबली.

गाडी पुढं निघाली. थोड्या वेळानं देवीदासनं मला मांडीवर घेतलं, लहान कप भरला आणि तो निमलपुढं धरला.  निमलनं गाडी बाजूला घेतली, कप घेतला, एका दमात प्यायला आणि "गुड!" म्हणत आणखी मागायला पुढं केला. देवीदासनं दुसऱ्यांदा भरला. मग तो रिकामा कप हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवत बसला. मित्रांनो, मी आतून गरम असतो हे तर तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी मी बाहेरूनही तापलो असेन.

"तुमाले काय वाटलं, मले मालूम नव्हतं?" कांता खिडकीकडं तोंड करून म्हणाली. "इतकी वर्सं कप कोरडा येत होता."

देवीदासनं कप मांडीवर ठेवला. "मंग बोलली कावून नाही?"

"तुम्ही हो म्हणत होते. मंग मी काय म्हणू?" तिनं पदरानं डोळे पुसले. "आता आयका. पुढच्या पुनवेले आपल्या दारात असंच करू. विहारात नाही. रस्त्यावर, जो येईल त्याले."

"आपल्या तिथं घेईल कोण, कांता?"

"ठेवून त पाहू. दोघं मिळून उभे राहू."

घरी परतलो आणि काही महिन्यांत सुजाताला मुलगी झाली. कांता हैदराबादला गेली, दोन महिन्यांसाठी. दोन महिन्यांनी सुजाताची सुट्टी संपली, नोकरी सुरू झाली, बाळाला सांभाळायला भरवशाचं कोणी मिळेना. कांता आणखी थोडी राहिली. मग आणखी थोडी. हैदराबादचं घर दोन खोल्यांचं, जावई, सुजाता, बाळ आणि आजी. त्यात देवीदास किती दिवस मावणार? तो जायचा, चार दिवस राहायचा आणि घराला कुलूप आहे असं सांगून परत यायचा. कोणाचा दोष म्हणावा? कोणाचाच नव्हता. पण सगळं आयुष्य एका ताटाशी जेवलेली ही दोघं म्हातारपणी अशी दोन गावांत वाटली गेली.

देवीदास आता एका वेळेला एकच कप चहा करायचा. एक कप चहाला थर्मास कशाला लागतो? त्यानं मला पुसून स्वयंपाकघरातल्या सज्ज्यावर, छताखालच्या फळीवर ठेवलं. तिथून मला तो दिसायचा. खिचडीचा कुकर लावून तो दाराकडं बघत उभा राहायचा. रोज संध्याकाळी फोन यायचा. बाळ दिसायचं, कांता दिसायची, आणि फोन बंद झाला की घर पहिल्यापेक्षा मोठं वाटायचं. माझ्या अंगावर धूळ बसली, बूच सुकलं. मला कंटाळा आला असं मी म्हणणार नाही, मला रडू यायचं. पण थर्मासला रडता येत नाही. त्याचं काम सगळं आत धरून ठेवायचं.

वैशाख आला. भिलाई भट्टीसारखी तापली. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कांताचा फोन आला.

"मले येणं होत नाही. बाळाले ताप आहे."

"मंग राहू दे ना या वर्षी. मी विहारात जाऊन खीर खाईन."

"नाही. तुम्ही ठेवा."

"एकट्यानं? आणि कोणी घेतलंच नाही त?"

फोनमध्ये बाळ किरकिरलं. "त मले तसं सांगा," कांता म्हणाली. "पण या वेळी खरं सांगा."

फोन ठेवल्यावर देवीदास स्टुलावर चढला आणि त्यानं मला खाली घेतलं. मला धुतलं, बूच कोमट पाण्यात भिजवलं. फ्रिजमधून फुलांची ती पुडी काढली. पातेल्यात फुलं उकळली, गूळ घातला आणि सकाळपर्यंत गार करून ठेवलं. मी गरम ते गरम ठेवतो, तसं गार ते गारही ठेवतो, बरं का. सकाळी त्यानं दारासमोर कडुनिंबाच्या सावलीत टेबल मांडलं, पंचशील ध्वज लावला, बर्फ घालून मला भरलं. आणि शेजारी कागदी ग्लासांची थप्पी ठेवली. माझ्या दोन्ही कपांची जागा टेबलाच्या अगदी मागच्या कडेला. मला कळलं. कागदी ग्लास फेकून देता येतो. तो कोणाचाच नसतो.

बराच वेळ कोणी थांबलं नाही. एक गृहस्थ स्कूटरवरून आले. "किसकी तरफ से है, भैया?"

देवीदास उभा राहिला. "हमारे घर की तरफ से. बुद्ध पूर्णिमा है आज. मैं देवीदास रामटेके."

"अच्छा, अच्छा," गृहस्थ म्हणाले. "मुझे तो शुगर है." आणि स्कूटर निघाली. त्यांना खरंच साखरेचा आजार असेल, मी कशाला खोटं म्हणू? पण देवीदासला ते जुनं दुखरं पोट आठवलं. त्यानं ध्वजाची काठी सरळ केली आणि खाली बसला. थोड्या वेळानं तो हळूच कागदी ग्लास पिशवीत भरू लागला. मला वाटलं, झालं. आता पुन्हा सज्जा.

तेवढ्यात शिटी वाजली. कचऱ्याची गाडी ओढत गिरजाबाई आली. इथं अशा बायकांना स्वच्छता दीदी म्हणतात. उन्हानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिनं टेबलाकडं पाहून छत्तीसगढीत विचारलं, हे काय म्हणून. "का आय कका?"

"बेल का शरबत है. लो ना," देवीदासनं एक कागदी ग्लास उचलला.

"कागज के ला राहन दे, कका. काली मोला उठाय बर परही," ती म्हणाली. उद्या तो ग्लास तिलाच उचलावा लागणार होता! तिनं सरळ मागच्या कडेला हात घातला, माझा लहान कप उचलला आणि पुढं धरला. "एमा दे."

देवीदासनं ओतलं. थोडं टेबलावर सांडलं. "मैं रामटेके," तो उगीचच म्हणाला. तिनं विचारलंही नव्हतं.

तिनं कप रिकामा केला आणि तोंड पुसलं. "बने हे, रामटेके कका. थोरकिन अउ दे."

चांगलं आहे, थोडं आणखी दे. मित्रांनो, इतकं साधं वाक्य भिलाईत ऐकायला मला किती वर्षं लागली! गिरजाबाईनं जाताना शिटी वाजवून पुढच्या गल्लीतल्या दोघींना बोलावलं. मग एक भाजीवाली आली, एक टेम्पोवाला आला, कोणी कपात घेतलं, कोणी कागदी ग्लासात. काही जण आडनाव ऐकून पुढं गेलेही. तेही मी लपवत नाही. पण देवीदास आता बसला नाही. तो कप विसळत होता आणि मला पुन्हा पुन्हा भरून आणत होता.

संध्याकाळी त्यानं हैदराबादला फोन लावला. कांताचा चेहरा दिसला, खांद्यावर झोपलेलं बाळ.

"घेतलं का कोणी?" तिनं विचारलं, अगदी जुन्याच आवाजात.

 देवीदासनं मोठा कप फोनपुढं धरला. मग लहान कप धरला. दोन्ही ओले होते. कांता त्या कपांकडं बघत राहिली. तिनं बाळाच्या पाठीवर हात ठेवला आणि ती हुंदके देऊन रडली. बाळ जागं झालं, म्हणून फोन लवकर ठेवावा लागला. देवीदास पुन्हा एकटा झाला. त्यानं दोन्ही कप धुतले, आधी लहान बसवला, मग मोठा, आणि मला ओट्यावर ठेवलं. सज्ज्यावर नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे. कांता अजून आलेली नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा जुना थर्मास असेल, मित्रांनो. त्याला खाली काढा, त्याचं बूच कोमट पाण्यात भिजवा. त्याचा दुसरा कप कोरडा असेल, तर भरून कोणाच्या तरी पुढं धरा. आणि तुमच्या पुढं कोणी धरला, तर नाव विचारायच्या आधी पिऊन टाका.